अँटेनावाल्या सरांच्या घरचं चित्र

आमच्या गल्लीत सगळ्यात वाईट चित्र अँटेनावाल्या सरांच्या घरी दिसायचं. बातम्या सांगणाऱ्या बाईच्या खांद्याला चिकटून तिचीच आणखी एक फिकट बाई बसलेली असायची. हवामानाच्या नकाशात एका जिल्ह्याचे दोन व्हायचे. परभणीत आणि भोवतालच्या खेड्यांत कितीतरी छपरांवर ज्या माणसानं अँटेना निवडून, मोजून, दिशा लावून दिला, त्याच्याच घरात अशी सावली का, हे गल्लीला कधी उलगडलं नाही. पोरंसोरं चिडवायची, "सर, तुमच्याकडं एका बातमीला दोन बाया लागायल्यात." सर म्हणायचे, "दोघी एकच सांगतात ना? मग झालं."

मला ते उलगडलं होतं. मी सांगितलं नाही. त्या न सांगण्यात सरांच्या बायकोचे डोळे गेले. म्हणून हे लिहिते आहे.

सर जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. उंच, वाळके, मान कायम थोडी वर उचललेली. कोणाच्याही दारात गेले तरी आधी माणसाकडे बघायचे नाहीत, छपराकडे बघायचे. शर्टाच्या खिशात होकायंत्र आणि एक आखूड पेन्सिल. अँटेना ते विकत नव्हते. निवडून द्यायचे. डॉक्टर लिहितो तशी चिठ्ठी लिहायचे: नळ्या पाच, खांब दोन माणसं उंच, तोंड आग्नेयेला, शेवग्याची एक फांदी तोडावी. चिठ्ठी घेऊन माणूस दुकानात जायचा आणि दुकानदार कपाळाला हात लावायचा. दुकानात एकच नियम होता, अँटेनाला जितक्या आडव्या नळ्या जास्त तितकं चित्र चांगलं. सरांचा नियम वेगळा होता. टीव्हीचा टॉवर जवळ असेल तर जास्तीच्या नळ्या उगाच वारा आणि वानरं खातात. टॉवर लांब असेल तर कमी नळ्यांना काही सापडत नाही. आणि मध्ये पाण्याची टाकी असेल तर ती टाकी भिंतीवर आपटलेल्या चेंडूसारखं चित्र परत फेकते. म्हणजे एक चित्र टॉवरकडून येतं, एक टाकीकडून. त्याचीच सावली पडते.

"अँटेना दुकानात बसून निवडायचा नसतो," ते म्हणायचे. "गच्चीवर उभं राहून निवडायचा."

बूस्टरचा त्यांना राग होता. कोणी बूस्टर मागितला की विचारायचे, "चित्र येतंय का?"

"न्हाई, मुंग्याच येतात."

"मग मुंग्या मोठ्या करून बघणार काय?"

मी जिंतूरची. शिकायला परभणीत आले तेव्हा सरांच्या गच्चीवरची खोली भाड्यानं घेतली. खोली दाखवायला सर स्वतः वर आले. दार उघडायच्या आधी त्यांनी दारालगतच्या लोखंडी खांबावर हात ठेवला.

"हा हलवायचा न्हाई. ताणाच्या तारांवर कपडे वाळू घालायचे न्हाईत. वानरं आली तर आधी ह्याला सांभाळायचं, मग सोताला."

मी हसले. ते हसले नाहीत.

"गाव कोणतं?"

"जिंतूर."

"जिंतूरला इथला टॉवर पोचत न्हाई," ते म्हणाले. मी विचारलं नव्हतं. "मधी चढ हाय. लोक ऐकत न्हाईत. लय मोठा अँटेना घेऊन जातात अन् मुंग्या बघत बसतात."

माझ्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील चळवळीतले. कापसाच्या जिनिंगमधल्या कामगारांसाठी, शाळेच्या छपरासाठी, बंद पडलेल्या एसटीच्या फेरीसाठी, कशासाठी ना कशासाठी आमच्या ओसरीवर कागदांचे गठ्ठे पडलेले असत. 'कमळ' वाचता यायच्या आधी मला 'जाहीर निषेध' वाचता येत होतं. परभणीत आल्यावर मीही पत्रकं लिहू लागले. वसतिगृहाचं पाणी, ग्रंथालयाच्या वेळा. एकदा असंच एक पत्रक सरांच्या हाती लागलं. पायरीवर बसून त्यांनी ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. माझी पत्रकं तशी आजवर कोणी वाचली नव्हती. मग एका ओळीवर बोट ठेवलं.

"'सर्वत्र संतापाची लाट.' सर्वत्र म्हंजे कुठून कुठपर्यंत?"

"सगळीकडे."

"पिंगळीला हाय का?"

"असेल की."

"गेली होतीस?"

"नाही."

"मग पिंगळी वगळून लिव."

मला राग आला होता. हा माणूस नळ्या मोजतो, त्याला लाट काय कळणार, असं मी रात्री वहीत लिहिलंसुद्धा. ते पान अजून माझ्याकडे आहे. काढून टाकावंसं वाटतं, पण काढलेलं नाही.

अँटेना फिरवताना तीन माणसं लागायची. एक गच्चीवर खांब फिरवणारा, एक आत टीव्हीसमोर बसलेला, आणि आतला आवाज वर पोचत नाही म्हणून अंगणात एक मधला माणूस. वरचा विचारणार, "आलं का?" आतला सांगणार, "आलं," "गेलं," "जरा मागं." मधला ते वर देणार. हे सगळेच करायचे. सरांचं वेगळेपण असं की आत कोणी बसायचं हे ते ठरवायचे. घरचा कर्ता माणूस पडद्यासमोर ठाण मांडून बसला असेल तर त्याला उठवायचे. "घरात जास्तीत जास्त कोण बघतं?" विचारायचे. म्हातारी बघत असेल तर म्हातारी. सून बघत असेल तर सून. जो बघणार त्यानंच सांगायचं. त्यावाचून ते खांबाला हात लावत नसत.

सरांच्या घरी आत त्यांच्या बायको, आमच्या काकू, बसायच्या, वर सर, आणि मी राहायला आल्यापासून अंगणात मी. वारा सुटला, वानरं येऊन गेली की आमची ही कवायत ठरलेली. पहिल्याच दिवशी सरांनी मला पेरूच्या झाडाशी उभं केलं. तिथून एका बाजूला दार उघडं ठेवलं तर टीव्ही दिसायचा, दुसऱ्या बाजूला गच्चीचा कठडा.

"मधल्यानं आपलं काही घालायचं न्हाई," ते म्हणाले. "आतून जे येईल तेच वर द्यायचं. तुला पडदा दिसंल इथून. तरी तुझं मत द्यायचं न्हाई."

"आणि आतलं माणूस चुकत असेल तर?"

"आतलं माणूस कसं चुकंल? चित्र त्याचं हाय." मग म्हणाले, "एकच चूक होते. आवाज आधी साफ होतो. चित्र लय मागून येतं. चित्रात सावली असली तरी आवाज खणखणीत येतो. म्हणून कानानं 'आलं' म्हणणारा माणूस आत बसवू नये."

हे ते स्वतः म्हणाले होते.

काकू बुटक्या, गोऱ्या, कपाळावर मोठं कुंकू. त्यांना बरीच वर्षं साखरेचा आजार होता. गोळ्या डब्यात मोजून ठेवलेल्या असत. संध्याकाळी सातच्या मराठी बातम्या आणि त्यानंतरचा शेतीचा कार्यक्रम, एवढंच त्या बघायच्या. शेती त्यांच्याकडे एक गुंठाही नव्हती. "सोयाबीनवर आळी पडली म्हणतात बाई," मला जिन्यात गाठून सांगायच्या, जशी काही पाहुण्यांकडची बातमी. तेवढ्या तासाभरासाठी सरांचा खांब, तारा, ताण, पंचक्रोशीतलं नाव, सगळं उभं होतं. भाचा एकदा छत्री बसवून द्यायला आला होता. फुकटची छत्री, शंभर चॅनल. सर म्हणाले, "आम्हाला एकच लागतं. ते येतंय." भाचा पडद्यावरच्या दोन बायांकडे बघत छत्री परत घेऊन गेला.

पावसाळा संपता संपता टॉवरवरचा माणूस सरांना बाजारात भेटला. वरून पत्र आलं होतं. उन्हाळ्यापर्यंत टॉवर बंद होणार. सर त्याच पावली टॉवरच्या आवारात गेले. मी सोबत होते. आवारात गवत वाढलेलं, एक खोली, तिच्यात एक माणूस आणि मोठी यंत्रं. तो माणूस चांगला होता. त्यानं सरांना खुर्ची दिली.

"सर, आता कोण बघतंय? तुमीच सांगा. मी दिवसभर इथं बसून हवेत चित्र सोडतो. कुणाच्या घरात जातंय ते? एक माणूस दाखवा मला."

सर म्हणाले, "माझी बायको."

तो माणूस हसला नाही. तो म्हणाला, "मग लिहून द्या सर. असं कुणी लिहूनच देत न्हाई."

येताना सर रस्ताभर छपरांवरचे अँटेना बघत आले. घराशी आल्यावर म्हणाले, "तू लिवतीस ना? लिव."

माझ्या अंगात वारं शिरलं. हवा कोणाच्या मालकीची नाही, हवेतून येणारं चित्रही कोणाला वर्गणी न देता मिळालं पाहिजे, हे मला मनापासून पटत होतं. आजही पटतं. पण पत्रकाला माणूस लागतो. नुसत्या तत्त्वाला कोणी सही देत नाही, हे मी घरातच शिकले होते. माझ्याकडे माणूस होता. एक वयस्क, आजारी बाई, जी रोज संध्याकाळी हवेतून येणाऱ्या एका चित्राची वाट बघते. मी दोन दिवसांत मजकूर लिहिला. मथळा दिला, 'एक माणूस बघतो आहे.'

मजकूर छापायला द्यायच्या आदल्या संध्याकाळी मी काकूंजवळ बसले होते. त्या ताटातले तांदूळ निवडत होत्या. बोटांनी खडा लागला की बाजूला टाकायच्या. टीव्हीवर बातम्या चालू होत्या. अचानक टीव्हीचा आवाज गेला. जुना संच, आतली कुठली तरी वायर सुटली होती, ती दुसऱ्या दिवशी सरांनी जोडली. चित्र तसंच होतं. दोन बाया तोंड हलवत होत्या, मागे कुठला तरी पूर दिसत होता.

काकूंनी मान वर केली. टीव्हीकडे तोंड करून म्हणाल्या, "लाईट गेली का गं?"

माझ्या हातातला पेला मी खाली ठेवला. डोक्यावर दिवा जळत होता.

"काकू, तुम्हाला किती दिसतं?"

त्या तांदळात बोटं फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "कडंकडंनं दिसतं. मधी काळं हाय. दिव्याचं कळत न्हाई सांजच्याला."

"कधीपासून?"

"लय दिवस झाले. हळूहळू गेलं."

तेव्हा मला दुहेरी चित्राचं कोडं सुटलं. काकू कानानं 'आलं' म्हणत होत्या. आवाज खणखणीत झाला की आतून 'आलं' यायचं, मी ते वर द्यायची, सर तिथंच तारा आवळायचे, आणि अँटेनाचं अर्धं तोंड गल्लीमागच्या पाण्याच्या टाकीकडे राहायचं. सरांना सावली दिसत होती. पण बघणारी ती आहे, तिला असंच बरं दिसतं म्हणते, मग मी कोण, असं त्यांचं गणित होतं.

काकूंनी माझं मनगट धरलं. "सरांना सांगू नकोस."

"अहो, पण डोळ्यांच्या दवाखान्यात—"

"टॉवरचं ऐकल्यापासून धड जेवले न्हाईत ते. मी बघायलेय म्हणून भांडायलेत. मला दिसत न्हाई म्हणलं तर कुणासाठी भांडतील? तो खांब कुणासाठी उभा करतील?" मग थोडं हसून म्हणाल्या, "टॉवर राहू दे. मग जाऊ दवाखान्यात. तू यायची माझ्यासंगं."

मी हो म्हणाले.

मी काकूंच्या इच्छेला मान दिला, असं मला कित्येक दिवस वाटत होतं. ते खरं नाही. मी हो म्हणाले तेव्हा माझ्या पिशवीत तो मजकूर होता आणि काकूंना दिसत नाही हे बाहेर पडलं असतं तर त्याचा कणा मोडला असता. मला काकूंची गरज होती. त्या बघत असण्याची गरज होती.

रात्री मी मजकूर पुन्हा काढला. 'माझ्या घरमालकीणबाई रोज संध्याकाळी सातच्या बातम्या बघतात,' असं वाक्य होतं. खोटं लिहायचं नाही, हा आमच्या घरातला पहिला नियम. मी 'बघतात' खोडलं. 'सातच्या बातम्यांसाठी पडद्यासमोर बसतात,' असं केलं. आता पत्रकात एक शब्द खोटा नव्हता. मला त्याचा थोडा अभिमानसुद्धा वाटला.

सकाळी सरांनी मजकूर वाचला. त्यांच्या पद्धतीनं, बोट ठेवत. त्या ओळीवर बोट थांबलं.

"'बसतात' का लिवलंस? 'बघतात' लिव की."

"वाचायला तसं बरं वाटतं."

ते क्षणभर कागदाकडे बघत राहिले. मग बोट पुढच्या ओळीवर गेलं. सरांनी कारण न पटता सोडलेला तो एकच शब्द.

दिवाळी तोंडावर आली होती. आम्ही पत्रकं आणि सह्यांचा कागद घेऊन हिंडलो. पिंगळीच्या स्टेशनवर गाडीची वाट बघणाऱ्या लोकांनी ती घेतली, त्यांवर शेंगा सोलल्या. एका गृहस्थानं पूर्ण वाचून विचारलं, "हे चॅनल अजून हाय का?" जिथं जुना अँटेना दिसेल तिथं सर थांबायचे, आत जायचे, निसटलेली वायर जोडून द्यायचे, म्हणायचे, "आता येतंय बघा. बघत जा." घरचे लोक मोबाईलमधून मान काढून हो म्हणायचे. काही अँटेनांना काकडीचे वेल बांधले होते. एका ठिकाणी नळीला पोरांचे शाळेचे बूट वाळत टांगले होते. सर त्या बुटांखाली उभे राहून बराच वेळ वर बघत होते. चिडले असते तर बरं झालं असतं.

पेडगावात आम्ही एका मोठ्या बागायतदाराच्या घरी गेलो. म्हातारा बागायतदार वारला होता. घराचा कारभार आता सुनेकडे होता. पन्नाशीची, ठसठशीत बाई. सरांना बघताच तिनं डोक्यावर पदर घेतला आणि मला म्हणाली, "ह्या सरांमुळं माझा आवाज फुटला बाई."

मग तिनंच सांगितलं. ती नवी सून असताना सासऱ्यानं सरांना बोलावलं होतं. त्याला अकरा नळ्यांचा अँटेना हवा होता. सरांनी गच्चीवर उभं राहून चिठ्ठी दिली, पाच नळ्या.

"सासरे म्हणले, पाच तर माझ्या सालगड्याकडं हायत. तर सर म्हणले, मग त्याच्याकडं चित्र चांगलं येत असंल." ती हसली. "सासरे म्हणले, गावाला दिसलं पायजे. सर म्हणले, गावाला अँटेना दाखवायचा असंल तर दुसरं कुणी बोलवा. मला टीव्ही दाखवता येतो."

पाच नळ्या बसल्या. मग सरांनी विचारलं, घरात जास्त कोण बघणार? दुपारी कामं आटोपली की सून बघते, हे सासूच्या तोंडून निघून गेलं. झालं. सासरा उठला, सून बसली.

"सासऱ्यापुढं मी पाणी दे म्हणलं तरी हळू बोलायची. अन् हे वरून ओरडायलेत, आलं का, आलं का. मी म्हणते 'आलं', ते कुणाला ऐकूच जाईना. सर म्हणले, खाली उतरतो मी, उद्या येतो, तवर आवाज तयार कर. मग मी अशी ओरडले, आख्ख्या गल्लीनं ऐकलं. सासरे तोंडाकडं बघतच राहिले."

सर खाली बघत होते. त्यांना हे आठवत असावं, पण आवडत असावं असं चेहऱ्यावरून दिसलं नाही.

'आम्ही हे चॅनल बघतो, टॉवर बंद करू नये' असा सह्यांचा कागद मी पुढे केला. तिनं पत्रक वाचलं, कागद वाचला, आणि परत माझ्या हातात दिला.

"राग मानू नका सर. आमच्याकडं आता छत्री हाय. मी ते चॅनल बघत न्हाई. बघते म्हणून सही कशी करू? तुमीच शिकवलं, जो बघतो त्यानं सांगावं."

"बरोबर हाय," सर म्हणाले. "करू नका."

परतीच्या वाटेवर मी त्या बाईवर तोंडसुख घेतलं. एका सहीनं काय बिघडत होतं, वगैरे. सर सायकल हातात धरून चालत होते. म्हणाले, "ती एकटीच खरं बोलली आज." बाकीच्यांनी न बघता सह्या दिल्या होत्या. आणि कागदाच्या डोक्यावर माझा मथळा होता.

सह्या वरच्या कचेरीत पाठवल्या. उत्तर आलं नाही.

टॉवर चैत्रात बंद झाला. तारीख टॉवरवरच्या माणसानं सरांना आधी सांगितली होती. तरी त्या संध्याकाळी सात वाजता पडद्यावर मुंग्या आल्या तेव्हा सर म्हणाले, "वारं होतं दुपारी. फिरला असंल." आणि जिना चढून गेले.

मी माझ्या जागी जाऊन उभी राहिले, पेरूच्या झाडाशी. दार उघडं होतं. आत काकू पडद्यासमोर बसल्या होत्या, पाठ ताठ, हात मांडीवर. संच नुसता खरखरत होता. मला इथून मुंग्या दिसत होत्या. वरून खांबाचा किरकिर आवाज आला.

"आलं का?"

काकूंनी कान संचाकडे केला.

खांब आणखी फिरला. जिकडे कधीच काही नव्हतं अशा दिशांना सर अँटेना वळवत होते. जिंतूरकडे, मग पार उलटा.

"आता? आलं का?"

काकूंनी खरखर ऐकली. काहीच आलेलं नाही हे त्यांना कळलं होतं. त्यांनी मान थोडी खाली घातली आणि शांतपणे म्हणाल्या, "आलं."

मधल्यानं आपलं काही घालायचं नाही. मी वर बघून ओरडले, "आलं."

सर खाली आले. चपला पायरीशी काढल्या, आत गेले, आणि पडद्याकडे बघत उभे राहिले. मग काकूंकडे बघितलं.

"दिसायलंय?"

"हाव. आवाज तेवढा न्हाई."

सर दोन पावलं पुढं आले आणि टीव्ही आणि काकू यांच्या मध्ये उभे राहिले. पडदा पूर्ण झाकला गेला.

"अन् आता?"

"दिसायलंय की," काकू त्यांच्या पोटाकडे बघत म्हणाल्या. "आज सावलीबी न्हाई."

सर तसेच उभे राहिले. काकूंना कळलं असावं की आवाज फार जवळून आला. त्यांनी हात पुढं केला. तो सरांच्या शर्टाला लागला. मग त्यांनी हात मागं घेतला नाही.

सरांनी दाराकडे, माझ्याकडे बघितलं. "म्हणून 'बसतात' लिवलं होतंस," ते म्हणाले.

आवाजात राग नव्हता. एका हिशेबाचा राहिलेला आकडा सापडावा तसं म्हणाले.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काकूंच्या डोळ्यांत थेंब घातले, तपासलं, आणि साखरेनं डोळ्याच्या आतलं काय काय खराब केलं ते समजावून सांगितलं. सरांनी एकच विचारलं, किती आधी यायला हवं होतं? डॉक्टर म्हणाले, दोन्ही नाही, पण दिवाळीच्या सुमारास आणलं असतं तर उजवा बहुधा राहिला असता. सरांनी पेन्सिल काढली आणि चिठ्ठीच्या मागं काहीतरी लिहिलं. मी बघितलं नाही. दिवाळी कधी होती हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

सरांनी मला खोली सोडायला सांगितलं नाही. ते माझ्यासाठी सोपं झालं असतं. काकू पूर्वीसारख्याच जिन्यात गाठायच्या, फक्त आता पावलांच्या आवाजावरून. "ते तुझ्यावर रागावले न्हाईत गं," असं एकदा म्हणाल्या. "मीच सांगितलं होतं तुला." मला त्या सुटकेचा मोह झाला. पण मला कोणी गप्प बसायला सांगितलं आणि मी गप्प का बसले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पत्रकात मी दुसऱ्यांना हेच ऐकवत आले आहे.

पावसाळ्याआधी एका सकाळी सरांनी अँटेना उतरवला. मला हाक मारली नाही. ताणाच्या तारा सोडल्या, गुंडाळल्या, खांब भिंतीशी आडवा केला. अंगणात गोणपाट टाकून त्यावर नळ्या सुट्या केल्या आणि करवतीनं कापून तीन लांबीचे तुकडे काढले. कडा कानशीनं घासल्या. टोकाला रबराची बुचं बसवली. मग काकूंना पायरीवरून उठवलं आणि पहिली नळी त्यांच्या हातात दिली.

"फाटकापर्यंत जा."

काकू गेल्या. नळी काठीसारखी फरशीवर ठप् ठप् वाजत होती. परत आल्या. "लांब हाय ओ. हात दुखतो."

"ही घे."

काकू पुन्हा गेल्या. तुळशीपाशी अडखळल्या, सरांनी धरायला हात पुढं केला आणि मागं घेतला. काकू स्वतःच सावरल्या. "ही आखूड. वाकावं लागतं."

तिसरी नळी घेऊन त्या फाटकापर्यंत गेल्या, कडीला हात लावला, वळल्या, पेरूच्या झाडाला वळसा घालून पायरीशी आल्या. सर जागेवरून हलले नव्हते.

"ही," काकू म्हणाल्या.

"नीट बघ. मला बरं वाटावं म्हणून सांगू नको."

"न्हाई. हीच."

सरांनी पेन्सिलीनं नळीवर खूण केली. मी पेरूच्या झाडाशी, माझ्या नेहमीच्या जागी उभी होते. त्या दोघांत हातभर अंतर होतं, आणि काकूंचं सांगणं सरांपर्यंत थेट पोचत होतं.